अस्तर

"पूर्ण काढू की अर्धं?" टेलरमास्तरांनी कोट उलटा करून मशीनवर पसरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते आणि जिन्याखालच्या त्या दुकानात पंखा फक्त त्यांच्या बाजूला होता.

कोट मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला. रविवारी नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळांच्या शेजारी पडला होता. राखाडी, लोकरीचा, हाताने केलेल्या काजांचा. भाचीचं लग्न वैशाखातलं. अंतरपाटाशी मुलीला घेऊन मामाच येणार, आणि मामा नुसत्या शर्टात आलेला माझ्या बहिणीला चालणार नाही. वकिलांना निदान खालच्या कोर्टांत उन्हाळ्यापुरती काळ्या कोटातून सूट आहे. मामांसाठी असं कुठलं बार कौन्सिल नाही.

खरं तर उकडतं ते लोकरीने नव्हे. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाफ पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. पॉलिएस्टर १ टक्काही घेत नाही. आणि शिवणारे नेमकं तेच आतून लावतात, चकचकीत, जांभळं वगैरे. म्हणजे बाहेरून लोकर आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी.

"अर्धं," मी म्हटलं. पाठीचं काढायचं, बाह्यांचं ठेवायचं, नाहीतर घामेजलेल्या शर्टावरून हात आत सरकत नाही. पुढचंही ठेवायचं, कारण आतला खिसा त्यावर लटकलेला असतो. आणि आतल्या खिशाबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. त्यात ठेवायला माझ्याकडे काही नसतं, पण तो हवा.

असे कोट बाजारात येतात कुठून, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बोहारीण यायची दुपारीच, घरातले पुरुष नसताना. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. आई आधी साड्या काढायची, मग आमच्या शाळेच्या पँटी, आणि सौदा अडला की कपाटाच्या तळातून बाबांचा लग्नातला कोट. "कोटाला गिऱ्हाईक नाही ताई," असं म्हणत बोहारीण तो उन्हात धरून कसर शोधायची आणि शोधता शोधता खिसेही चाचपायची. आई म्हणायची, "झाकणासकट पातेलं देणार असशील तर बोल." झाकणावर अर्धा तास जायचा. शेवटी आई कोट परत घडी घालायला लागायची, की झाकण पाटीतून बाहेर. बाबांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पातेल्यात पुढे कितीतरी वर्षं दूध तापलं. बाबांनी कोटाची चौकशी एकदाही केली नाही; बहुधा त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

आपल्या हवेला शोभेल असं आपल्याकडे होतंच की. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत अजून पांढरी बाराबंदी घालतात. सुती, अस्तर नाही, बटणं नाहीत, नुसते बंद. पण ती यात्रा जानेवारीत असते, आणि वैशाखात आपण सूट घालतो. आहे हे असं आहे.

मास्तर ब्लेडने टाके उसवत होते. खांद्याच्या गाद्या पूर्ण काढू नका म्हणाले, खांदा पडेल, पातळ घालतो. उघड्या शिवणींना सुती पट्टी लावतो, नाहीतर सुतं निघतील. मग पाठीचं अस्तर सुटून आलं आणि ते थांबले. मधल्या शिवणीवर बोट फिरवत म्हणाले, "हा दोनदा आत घेतलाय."

खरंच, मूळ शिवणीच्या जागी नुसती भोकं राहिली होती. तिच्या आत एक टीप, पांढऱ्या दोऱ्याची. त्याच्याही आत दुसरी, काळ्या दोऱ्याची आणि घाईची. हौसेने अंग कमी केलेला माणूस नवा कोट शिवतो. हा तोच कोट पुन्हा पुन्हा आत घेत गेला होता. दोन टिपांमध्ये बोटभर अंतर होतं.

मास्तरांनी विचारलं, "ठेवू?"

"दोन्ही सोडा."

"तुम्हाला ढगळ होईल."

होऊ दे. उन्हाळ्याचे दिवस आहेत.