समोरच्या वकिलाच्या फीत माझे बावीस टक्के

मागच्या आठवड्यात जुळे सोलापुरातून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, प्रायव्हेट लिमिटेड कारखाना दिरांच्या ताब्यात, पिशवीत शेअर सर्टिफिकिटं. पाण्याचा पेला हातात घेतानाच त्यांनी विचारलं, "ताई, केस जिंकली तर वकिलाचा खर्च परत मिळतो ना?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण माझ्या वेळी मला हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. यजमान गेल्यावर त्यांचे 22 टक्के शेअर माझ्या नावावर आले. पुढे सभेची नोटीस येईना, लाभांश थांबला आणि नवे शेअर फक्त भाऊजींच्या मुलांना द्यायचं घाटू लागलं. एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे वाद चालतात त्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची याचिका करायला शेअरभांडवलाचा दहावा हिस्सा पुरतो. कंपनी कायद्याचं कलम 241, सरकारी फी 10,000 रुपये. एवढंच असेल तर झेपेल, असं मला वाटलं.

खरा खर्च तारखांचा. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने कफ परेडला एमटीएनएलची इमारत. आपला नंबर बोर्डावर खाली असतो, दुपार सरते आणि पुढची तारीख पडते. पण मुंबईच्या वकिलांचा दिवस मोडलेला असतो, त्यांची फी द्यावीच लागते. मी पाटल्या मोडल्या, त्या अशाच दोन तारखांत गेल्या.

मग कंपनीचा वार्षिक हिशेब हातात आला. सभासदाला तो द्यावाच लागतो, म्हणून तेवढा तरी येत होता. मागच्या पानांवर टीप होती, 'कायदेशीर व व्यावसायिक शुल्क'. आदल्या वर्षी 1 लाख 35 हजार, त्या वर्षी 8 लाख 60 हजार. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून तो आकडा तीनदा वाचला. भाऊजी स्वतःच्या बचावाचा वकील कंपनीच्या पैशाने लढवत होते. कंपनीत बावीस टक्के माझे, म्हणजे माझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाला दर शंभर रुपयांतले बावीस मी देत होते. आणि माझा वकील? तो माझ्या एकटीच्या पैशातून.

आता कायद्याचं. दिवाणी दाव्यात रीत अशी की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारणं लिहायची. प्रत्यक्षात पदरात पडते ती रक्कम किरकोळ असते. मुद्दाम खोटा दावा केला म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ खाली भरपाई मागितली, तरी कमाल मर्यादा 3,000 रुपये. एवढ्यात मुंबईची एक तारीखही निघत नाही. 2015 च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याने या नियमाला धार आली. तिथे पक्षकाराची वागणूक बघतात आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव कोणी विनाकारण झिडकारला का, हेही बघतात. भागधारकांमधल्या करारावरून वाद असेल आणि तो त्या न्यायालयात गेला, तर हे लागू पडतं. एनसीएलटीचं तसं नाही. तिथे कंपनी कायद्याच्या कलम 242 मध्ये 'योग्य वाटेल तो खर्च' बसवायचा अधिकार आहे, पण सगळं न्यायाधिकरणाच्या मर्जीवर. कलम 245 खाली अनेक सभासदांनी मिळून केलेला अर्ज त्रास देण्यासाठीच केला होता असं ठरलं, तर अर्जदारावर एक लाखापर्यंत खर्च बसतो, हेही ठाऊक असावं.

सोलापूरच्या आमच्या वकीलसाहेबांनी मला इंग्लंडच्या एका निकालाबद्दल सांगितलं. 1975 साली तिथले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे मोइर नावाच्या एका छोट्या भागधारकाचं प्रकरण आलं. दहा वर्षं लढून त्याचे पैसे संपले होते. कोर्ट म्हणालं, हा कंपनीच्या भल्यासाठी लढतोय, तेव्हा खर्चाचा भार कंपनीने उचलावा. मी लगेच म्हटलं, मग मलाही मिळेल! साहेब म्हणाले, "नाही वहिनी. त्यात फायदा कंपनीचा होता. तुमची मागणी तुमच्या हिश्श्याची आहे." मी म्हटलं, "मग भाऊजींचा बचाव तरी कंपनीचा कसा?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे लिहून द्या मला."

त्यातून आम्ही अंतरिम अर्ज केला: प्रतिवादींनी वैयक्तिक बचावाचा खर्च स्वतः करावा, कंपनीच्या खात्यातून झालेला खर्च वेगळा दाखवावा. त्या अर्जावर आदेश झालाच नाही. पण अर्ज रेकॉर्डवर राहिला. पुढे तडजोडीत भाऊजींनी माझे शेअर विकत घ्यायचं ठरलं आणि मूल्यांकनाची वेळ आली, तेव्हा तोच अर्ज समोर ठेवला. तीन वर्षांत या भांडणावर कंपनीचे साडेसव्वीस लाख गेले होते. मूल्यांकन करणाऱ्याने ती रक्कम कंपनीच्या किमतीत परत मिळवली. माझ्या वाट्याला 5 लाख 83 हजार जास्त आले. शेवटच्या आदेशात मात्र ओळ होती, 'खर्चाबाबत आदेश नाही'. माझे स्वतःचे 9 लाख 40 हजार गेले ते गेले.

म्हणून त्या बाईंना मी कळकळीने सांगितलं: याचिकेच्या विनंतीतच खर्च मागा आणि कंपनीच्या पैशाचा मुद्दा पहिल्या तारखेलाच लेखी घाला. वकिलाला दिलेला प्रत्येक पैसा बँकेतून जाऊ द्या. तडजोडीचा प्रस्तावही पत्राने पाठवा, फोनवर नको. मी पहिल्या वर्षी रोखीने दिलेल्या रकमांचा आज माझ्याकडे कागद नाही.

त्यांनी पिशवीतून ताळेबंद काढला. टीप शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली, अक्षर फार बारीक होतं. मागच्या वर्षी 90 हजार, यंदा 4 लाख 10 हजार. केस तर अजून दाखलही झालेली नाही. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या आकड्याभोवती गोल केला.