रंगीत कॉर्डिलाइन, थंडी आणि लेबलवरचा तो आकडा

कॉर्डिलाइन, म्हणजे ते लांब पानांचं शोभेचं झाड, घ्यायला गेलं की लेबलवर मस्त लिहिलेलं असतं, थंडीत टिकते, उणे अमुक डिग्रीपर्यंत चालते वगैरे, आणि आपण ती गुलाबी नाहीतर लालबुंद पानं बघून आधीच पाघळलेलो असतो. पण तो आकडा बरेचदा साध्या हिरव्या कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिसचा असतो, म्हणजे न्यूझीलंडचं मूळ झाड, आणि तेही जमिनीत चांगलं रुजलेलं, खोड जाड झालेलं. असं झाड उणे ८ काय, उणे १० ची सुद्धा एखादी रात्र काढून जातं. रंगीत प्रकार, त्यात कुंडीतलं कोवळं रोप, उणे ४-५ लाच रडकुंडीला येतं.

रंगीतांमध्येही सगळे सारखे नाहीत हां. 'रेड स्टार', 'पर्पुरिया' हे जांभळट-तांबडे त्यातल्या त्यात दणकट, कारण लाल रंगाखाली हरितद्रव्य असतंच, फक्त झाकलेलं. पण 'टॉर्बे डॅझलर'सारखे पांढऱ्या पट्ट्यांचे किंवा 'सदर्न स्प्लेंडर'सारखे गुलाबी पट्ट्यांचे प्रकार म्हणजे पानाच्या त्या भागात हरितद्रव्य नावापुरतंच, त्यामुळे वाढ हळू, अन्नाचा साठा कमी, खोड जाड व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात आणि तोवर प्रत्येक हिवाळा म्हणजे टांगती तलवार. आणि ती रुंद पानांची भडक गुलाबी कॉर्डिलाइन फ्रुटिकोसा मिळते ना, ती तर वेगळीच जात, उष्ण कटिबंधातली, १० डिग्रीच्या खाली गेलं की रुसते आणि दहिवर गोठलं की संपलंच, तिला सरळ घरात घ्या.

माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त घात करतात, ओल आणि थंडी किती दिवस रेंगाळते ते. एक रात्र उणे ६ आणि दुपारी ऊन, हे परवडतं. पण आठवडाभर जमीन गोठलेली आणि वरून शेंड्यात पाणी साचलेलं, मग कठीण. ब्रिटनमध्ये २०१० च्या डिसेंबरात अशीच लांबलचक थंडी पडली होती आणि वर्षानुवर्षं टिकलेल्या मोठमोठ्या कॉर्डिलाइन गेल्या.

म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी कोरड्या दिवशी पानं खालून वर गोळा करून मऊ दोरीने सैलसर बांधायची, म्हणजे मधला कोवळा कोंब आत राहतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. वर बागेतलं पांढरं फ्लीस कापड, म्हणजे झाडं झाकायचं ते पातळ, हवा खेळणारं कापड, गुंडाळलं तर उत्तम, प्लास्टिक अजिबात नको, आत घाम धरतो आणि सडतं. हवा बरी झाली की सोडायचं, महिनोन्महिने बांधून ठेवायचं नाही. कुंडी असेल तर कुंडीलाही गुंडाळा, कारण तिथे मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो, आणि खालची ताटली काढून टाका. उन्हाळा संपता संपता नत्राचं खत तर देऊच नका, नवीन लुसलुशीत पानं येतात आणि पहिल्याच झटक्यात काळी पडतात.

आता समजा झालंच नुकसान. मधला कोंब हलकेच ओढून बघायचा, अलगद हातात आला आणि बुडाशी चिकट घाणेरडा वास असेल तर शेंडा गेला. मग अंगठ्याने खोड दाबत दाबत खाली यायचं, जिथपर्यंत मऊ पिचपिचीत लागतंय तिथपर्यंत सडलंय, कडक लागलं की तिथे कापायचं. पूर्ण खोड गेलं तरी लगेच उपटू नका!! जमिनीखाली त्याचं जाडजूड खोडासारखं मूळ असतं, त्यातून उन्हाळ्यात, कधी कधी तर उन्हाळा अर्धा सरल्यावर, बाजूने फुटवे येतात, त्या २०१० नंतरही बऱ्याच झाडांना असे आले होते.

फक्त पट्टेरी प्रकार असेल तर फुटव्यांवर लक्ष ठेवा, एखादा पूर्ण हिरवा निघतो आणि तो जोरात वाढून रंगीत फुटव्यांना दाबून टाकतो. रंग हवा असेल तर हिरवा लहान असतानाच बुडापासून काढा.