सर, तुम्ही बरे आहात ना?

विमानात बसलेल्या माणसाला वाटतं, पायलटची तब्येत रोज कुणीतरी तपासत असणार. तसं काही नसतं. ठरावीक मुदतीने क्लास वन मेडिकल होतं, म्हणजे ईसीजी, डोळे, कान, रक्त-लघवी वगैरे, आणि ड्यूटीच्या वेळी फुंकर मारून दारूची तपासणी. बाकी सगळा कारभार आमच्या शब्दावर चालतो. आज सर्दी आहे का, काल झोप झाली का, कसली गोळी घेतली आहे, घरची कटकट डोक्यात घेऊन आलोय का, पोटात काही गेलंय का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं आणि काही खटकलं तर क्रू कंट्रोलला, म्हणजे कुणी कुठल्या उड्डाणावर जायचं ते ठरवणाऱ्यांना, फोन करायचा, ‘आज मी अनफिट.’ ट्रेनिंगमध्ये ही यादी पाठच करून घेतात. लोक इंजिन, हवामान, पक्षी यांना घाबरतात. ह्या एका फोनवर किती काय अवलंबून असतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

करोनाच्या काळात हा फोन करणं फार महागात पडायला लागलं. पायलट आणि करोना म्हटलं की लोक मला मास्क आणि सॅनिटायझरबद्दल विचारतात. त्याबद्दलही लिहिते, पण माझ्या मते खरा धोका ह्या फोनमध्ये होता.

मी एअरबस ए-320 ह्या प्रवासी विमानावर को-पायलट आहे, बेस मुंबई. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथलाच पगार खाते.

25 मार्च 2020 पासून देशातली प्रवासी उड्डाणं बंद झाली. महिना संपता संपता डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, फुंकर मारायची तपासणीही तात्पुरती थांबवली. विषाणू श्वासातून पसरतो आणि तुम्ही एकामागून एक माणसांना यंत्रात फुंकायला लावताय, हे काही बरं नव्हतं. त्याऐवजी ‘मी प्यायलेलो नाही’ अशी लेखी हमी आली. निर्णय योग्यच होता. पण उड्डाणाआधी यंत्राने होणारी ती एकुलती एक तपासणी गेली आणि उरला फक्त आमचा शब्द.

25 मे रोजी उड्डाणं पुन्हा सुरू झाली. मुंबईला सुरुवातीला दिवसाला 25 विमानं निघणार आणि 25 उतरणार, एवढीच परवानगी होती, तीही फक्त टर्मिनल 2 वरून. ज्या धावपट्टीसमोर एरवी आमचा नंबर लागेपर्यंत रांगेत बसून राहावं लागायचं, तिथे थेट जाऊन उडायचं. कंट्रोलरकाका इतके निवांत मी कधीच ऐकले नव्हते.

केबिन क्रूच्या मुली गाऊन, फेस शील्ड, ग्लोव्हज असा सगळा सरंजाम घालून उभ्या असत. आम्ही मात्र साध्या युनिफॉर्मवर, तोंडाला एन-95. त्यावरून बऱ्याच जणांनी टोमणे मारले, ‘तुमचं काय, तुम्ही दार लावून आत बसता.’ कारण वेगळं होतं. हवेचा दाब अचानक गेला तर कॉकपिटमधला ऑक्सिजन मास्क एका हाताने, पाच सेकंदांच्या आत चढवता आला पाहिजे. त्या वेळी आधी शील्ड काढा, मग गाऊनची टोपी मागे करा, असं चालत नाही. त्यामुळे दार लागलं की अनेक जण एन-95 ही उतरवायचे. दोन माणसं, रिक्षाच्या मागच्या सीटवर बसावीत इतक्या अंतरावर, दिल्लीपर्यंत दोन तास.

हवेची मला फारशी भीती वाटली नाही. विमानातली हवा दोन-तीन मिनिटांत पूर्ण बदलते, फिरवून वापरलेली हवा अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते आणि कॉकपिटला येते ती बहुतांशी बाहेरची ताजी हवा. धोका असला तर शेजारच्या सीटचा. आणि जमिनीवरचा: पहाटेची पिकअपची गाडी, काचा बंद, सिक्युरिटीची रांग, उड्डाणाचे कागद मिळतात त्या डिस्पॅचमधलं सगळ्यांनी हाताळलेलं पेन.

विमानात गेल्यावर पहिलं काम पुसापुशीचं. साइडस्टिक, थ्रस्ट लीव्हर, रेडिओचं पॅनल, डोक्यावरचे स्विच, ऑक्सिजन मास्क. स्प्रे मारायचा नाही, फक्त अल्कोहोलचे वाइप्स, आणि मास्कवरचं अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय ऑक्सिजन चालू करून बघायचा नाही. यातही गंमत अशी की पुसताना बोटाने एखादा स्विच हलतो. म्हणून पुसून झालं की सगळं पॅनल पुन्हा पहिल्यापासून वाचत जायचं. एका कॅप्टननी तर नियमच केला होता: पुसायचं को-पायलटने, तपासायचं त्यांनी. विषाणू मारायला जाऊन हायड्रॉलिक पंप बंद करून ठेवला, असं व्हायला नको.

दुसरी काळजी हाताची. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, असा नियम आहे. बंदीच्या काळात बहुतेकांचं ते चुकलं, सिम्युलेटर बंद, मग मुदतवाढी आल्या. कागदावर मुदत वाढते, हाताला ते कळत नाही. मी घरी डायनिंग टेबलवर कॉकपिटचं पोस्टर अंथरून चेकलिस्ट म्हणत बसायचे आणि माझा मुलगा पलीकडे बसून ‘टॉवर’ व्हायचा. शिवाय महिनोन्महिने उभी असलेली विमानं. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत किड्यांनी घर केलं की टेकऑफला वेग चुकीचा दिसतो. टेकऑफच्या धावेत वेग मोठ्याने सांगून ताळून बघणं आमचं नेहमीचंच, पण त्या वर्षी दोघंही वेगाच्या आकड्याकडे डोळे लावून असायचे.

आता फोनबद्दल.

पूर्वी आमच्या पगारात महिन्याला काही तास पक्के धरलेले असायचे, उडा किंवा न उडा. 2020 मध्ये आमच्या कंपनीने ते काढलं. जेवढं उडाल तेवढंच. विमानं मोजकी, पायलट रग्गड, त्यामुळे तास आधीच तुटपुंजे. ‘अनफिट’ म्हणून फोन केला की ते उड्डाण गेलं, आणि लक्षण तापाचं किंवा घशाचं असेल तर पुढचे दोन आठवडे गेले. चाचणी, विलगीकरण, पुन्हा चाचणी. वर सोसायटीत बोभाटा. विमान कर्मचाऱ्यांना शेजारी त्रास देतात, म्हणून मार्चमध्येच एअर इंडियाला जाहीर निवेदन काढावं लागलं होतं. आमच्या मुलुंडच्या इमारतीत एवढं झालं नाही, पण मी लिफ्टसाठी थांबले की बाकीच्यांना एकदम जिना आवडायला लागायचा.

त्या पावसाळ्यात एका पहाटे डिस्पॅचला पोहोचले तर कॅप्टन आधीच कागद बघत बसलेले. पन्नाशीचे, पुण्याचे, नियमाला पक्के. इंधनाचा आकडा सांगताना त्यांचा आवाज फाटला. मी विचारलं, “सर, तुम्ही बरे आहात ना?”

“घसा बसलाय गं. एसीमुळे.”

कॉकपिटमध्ये ज्युनिअरने सीनिअरला विचारायचं कसं याचं आम्हाला रीतसर शिक्षण मिळतं. पण ते उंची, वेग, हवामान याबद्दल. ‘सर, तुम्ही आजारी दिसताय’ हे वाक्य कुठल्या स्लाइडवर मी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, “सर, स्टँडबाय बोलावू या का?”

त्यांनी चष्मा काढला. “भीती वाटतेय तुला?”

“वाटतेय. घरी सासूबाईंना दमा आहे.”

ते काही बोलले नाहीत. कागद टेबलावर उलटे ठेवले, बाहेर गेले आणि फोन केला. राखीव ठेवलेला स्टँडबाय कॅप्टन येईपर्यंत विमान थांबलं, प्रवासी वैतागले. सरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बरेच दिवस ते रोस्टरवर दिसले नाहीत.

दिवाळीनंतर भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, “तू विचारलं नसतंस तर मी गेलो असतो. जायचं ठरवूनच घरून निघालो होतो.” मुलगी परदेशात शिकत होती, घराचा हप्ता होता आणि त्या महिन्यात हातात आलेल्या रकमेचा आकडा त्यांनी मला सांगितला. तो इथे लिहीत नाही. हा माणूस बेफिकीर नव्हता. चेकलिस्टमधलं एक अक्षर गाळलं तर ओरडणारा माणूस. त्यालासुद्धा खरं बोलणं परवडेनासं झालं होतं, तर बाकीच्यांचं काय?

चाचण्या वाढवल्या की प्रश्न सुटतो असं वरच्यांना वाटत होतं. पण चाचणी चुकण्याचे दोन्ही प्रकार मे 2020 मध्येच दिसले होते. एअर इंडियाच्या मुंबईतल्या पाच पायलटांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि पुन्हा तपासल्यावर निगेटिव्ह निघाले. त्याच महिन्याच्या 30 तारखेला दिल्लीहून मॉस्कोला, तिथल्या भारतीयांना आणायला रिकामं निघालेलं विमान उझबेकिस्तानवरून परत बोलवावं लागलं. एका पायलटचा पॉझिटिव्ह रिपोर्ट कुणीतरी निगेटिव्ह म्हणून वाचला होता. यंत्र चुकतं, वाचणारा चुकतो. आपल्याला कसं वाटतंय हे माणसाला स्वतःला आधी कळतं, पण ते त्याने सांगितलं तर पाहिजे.

12 जानेवारी 2021 रोजी कोव्हिशिल्डचा पहिला साठा पुण्याहून दिल्लीला विमानाने गेला, 34 खोकी, 1,088 किलो. त्यानंतर देशभर लस आम्हीच पोहोचवली. पण पहिल्या यादीत आरोग्य कर्मचारी, मग पोलीस आणि पालिकेचे लोक. पायलट कुठेच नाहीत. वयाप्रमाणे थांबायचं. 1 एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढच्यांना मिळाली, म्हणजे कॅप्टनला मिळाली आणि शेजारच्या को-पायलटला नाही. 1 मे रोजी अठराच्या पुढच्यांसाठी खुली झाली तर महाराष्ट्रात पुरेसा साठाच नव्हता, दोन आठवड्यांत आमच्या गटाचं लसीकरण थांबलं. एअर इंडियाच्या पायलट संघटनेने लस द्या नाहीतर काम थांबवतो असा इशारा दिला तो याच दिवसांत. तेव्हा त्यांना शिव्या घालणारे बरेच होते. मी नव्हते. लस घेतल्यावर 48 तास उडायचं नाही असा डीजीसीएचा नियम होता. ते दोन दिवसही पगारात कुणी धरले नाहीत. बिनपगारी.

दुसऱ्या लाटेतलं एक सांगायलाच हवं. प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आला होता आणि 94 च्या खाली आकडा गेला की लोक बेड शोधायला लागायचे. एका उड्डाणात छत्तीस हजार फुटांवर मी सहज तो बोटाला लावला. 93. कॅप्टनचं 92. दोघंही ठणठणीत. विमानाच्या आतला दाब जमिनीसारखा नसतो, सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर बसल्यासारखा असतो, त्यामुळे निरोगी माणसाचाही आकडा उतरतो. पण ज्याची फुप्फुसं नुकतीच करोनाने पोळलीत, तो तिथे किती उतरेल? पॉझिटिव्ह होऊन गेलेला माणूस घाईने ‘फिट’ होऊन आला की मला ह्या आकड्याची आठवण व्हायची. आणि तो घाई का करतो, ते वर लिहिलंच आहे.

2021 च्या जूनमध्ये फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. करोनाने गेलेल्या पायलटांच्या कुटुंबांना दहा कोटी रुपये द्या, आणि पायलटांना फ्रंटलाइन वर्कर माना. मागणीला माझा पाठिंबा होता. पण मला कुणी विचारलं असतं तर मी पहिली ओळ वेगळी लिहिली असती: आजारपणाच्या आणि विलगीकरणाच्या दिवसांचा पूर्ण पगार. हे मी आमच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका सहकाऱ्याने लगेच उत्तर दिलं, “मग काय, सगळेच रोज आजारी पडतील.”

गणेश चतुर्थीला आजारी पडणारे आमच्याकडे आधीपासून आहेत. दरवर्षी त्या सकाळी नेमकं काही जणांचं पोट बिघडतं. कंपनीला ते पक्कं माहीत आहे. रोस्टरवाले त्या आठवड्यात स्टँडबाय वाढवून ठेवतात आणि विमानं वेळेवर जातात.