उठताना येणारा आवाज

दुपारी पेनाचं टोपण घरंगळत पलंगाखाली गेलं. ते काढून उठताना माझ्या तोंडून एक आवाज निघाला. मी काढला नाही, तो आपसूक आला. आणि भलताच ओळखीचा वाटला. आजोबांचा होता.

आजोबा खुर्चीतून टप्प्याटप्प्याने उठायचे. आधी वर्तमानपत्राची घडी, मग चष्मा खिशात, मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर, आणि मग 'हंऽऽअ'. आम्ही भावंडं दाराआडून त्यांच्या सुरात सूर मिसळायचो. एकदा ते उठता उठता मुद्दाम थांबले. आमचं 'हंऽऽअ' एकटंच बाहेर पडलं आणि ते परत बसून हसत राहिले. शेवटी शेवटी ते खूप बारीक झाले. सदरे ढगळ होऊ लागले. भेटायला येणारे म्हणायचे, ''वा, वजन छान उतरवलंत!'' ते काही बोलायचे नाहीत. उठायला तेव्हा दोघांचे हात लागत होते.

वजन कमी म्हणजे तब्येत बरी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की काय कमी झालं हे कुणी विचारत नाही. काट्याला चरबी कळत नाही, स्नायू कळत नाही. माझा एक मित्र कॉलेजपासून वजन तेवढंच असल्याचं अभिमानाने सांगतो. असेलही. पण तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडतात आणि चरबी त्यांची जागा घेते. आकडा जागचा हलतही नाही. मी मात्र काट्यावर चढताना चष्मासुद्धा काढून ठेवतो. तत्त्व म्हणून. मग आकडा दिसत नाही, म्हणून परत लावतो.

''वयाबरोबर चयापचय मंदावतं हो,'' ही माझी आवडती सबब होती. तीही गेली. 2021 साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, असं त्यात निघालं. उतार लागतो तो त्यानंतर. म्हणजे मधल्या चाळीस वर्षांचा जाब शरीराला विचारता येणार नाही.

दहा हजार पावलांचं फार मनावर घेऊ नये. तो आकडा 1960च्या दशकात जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकताना रूढ झाला. चालावं जरूर, पण चालण्याने मांड्यांना ताकद येते ती बेताचीच. 1990च्या एका प्रयोगात तर नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसांच्या पायांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली होती. जे शेवटपर्यंत टिकले, त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हे वाचलं आणि मी उगाचच ताठ बसलो.

हल्ली हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतो, बसतो, परत उठतो. फोनवर कुणी ताटकळत ठेवलं की हे छान जमतं. मोजे तर एका पायावर उभं राहूनच घालायचे, असा हट्ट धरलाय. तोल जाऊन हाडं मोडण्यापेक्षा तो सांभाळायची सवय बरी. घरचे यावर काही बोलत नाहीत. कोपऱ्यातली काचेची फुलदाणी तेवढी त्यांनी हलवली आहे.