ईसीएमच्या कनेक्टरमध्ये प्रोब घालण्याआधी

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने सेन्सरचा कोड दाखवला की बरेच जण थेट ईसीएमचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर उपसतात आणि मल्टीमीटरचा जाड प्रोब समोरून टर्मिनलमध्ये दाबतात, आणि हे बघितलं की माझा जीव वरखाली होतो. आत पत्र्याची एवढीशी पाकळी असते, पिनला घट्ट धरून ठेवणं हे तिचं काम, ती एकदा फाकली की कॉन्टॅक्ट लूज. मग गाडी उभी असताना सगळं ओके आणि चालताना हादरा बसला की मिसिंग, आणि हा फॉल्ट शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो कारण तो मुळात गाडीत नव्हताच, टेस्टिंगने आणलेला असतो.

म्हणून शक्य तिथे कनेक्टर लावलेलाच ठेवायचा आणि मागून, म्हणजे वायर आत जाते त्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक बॅकप्रोब पिन हलकेच सरकवायची, जोर लावायचा नाही. वायरला टोचून इन्सुलेशन फोडणं तर नकोच, तिथून पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडून सडतं. पिन नंबर बघताना डायग्राम वायरच्या बाजूने काढलाय की समोरून ते आधी बघा, दोन्ही एकमेकांचे आरसे असतात.

मीटर डिजिटलच हवा, 10 मेगाओहम इनपुटचा. बल्बवाला टेस्टर इथे अजिबात नको, तो जेवढा करंट ओढतो तेवढा सोसायची ताकद ईसीएमच्या सिग्नल सर्किटमध्ये नसते. 5 व्होल्टची रेफरन्स लाइन, म्हणजे ईसीएमकडून सेन्सरना जाणारा ठरावीक सप्लाय, तर बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरना मिळून एकच असते, प्रोब घसरून ती अर्थला टेकली की सगळे एकदम गप्प.

कनेक्टर काढायचाच असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. ओहम मोजायचं ते पण सप्लाय बंद असतानाच, उदाहरणार्थ कॅन हाय आणि कॅन लो (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायर) मध्ये साधारण 60 ओहम आले तर दोन्ही टोकांचे 120 ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत.

पण अर्थ चेक करायला ओहमवर किंवा बीपवर विसंबू नका प्लीज. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, आणि लोड आला की तीच वायर मान टाकते. इंजिन चालू ठेवा, लाइट-फॅन लावा आणि ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्ची पडतात ते, बघा, 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याहून बराच जास्त आला की अर्थ पॉइंट उघडून घासायला घ्या.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मीटर लावायचाच नाही. मीटरच्या स्वतःच्या करंटनेसुद्धा बॅग उडण्याचा धोका असतो.

आणि आधीच कुणी समोरून प्रोब घातला असेल असा संशय आला तर त्याच साइजची सुटी मेल पिन त्या टर्मिनलमध्ये घालून ओढून बघा, हाताला पकड जाणवली पाहिजे. सुळकन निघाली तर टर्मिनल बदला.