बेसच्या पेडलबोर्डातली घरघर कुठून येते ते कसं शोधायचं

बेस गिटारच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी ४९ हर्ट्झचा आहे आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या हममध्ये, म्हणजे ‘घूं’ अशा घरघरीत, १०० हर्ट्झही ठळक असतो. म्हणजे भारतात बेसच्या पेडलबोर्डात, म्हणजे एकत्र जोडलेल्या इफेक्ट पेडलांमध्ये, शिरलेला हम थेट आपल्या सुरांना खेटून बसतो. जी धरून ठेवलात की ४९ आणि ५० एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला एकदा सूर हेलकावे खातो. मोकळ्या जी तारेवर हेच सेकंदाला दोनदा होतं. ट्यूनर तार सुरात असल्याचं दाखवतो, तरी कानाला ती हललेली वाटते. अशा वेळी बरेच जण तारा बदलतात किंवा इंटोनेशन तपासत बसतात.

नॉईज गेट, म्हणजे सिग्नल क्षीण झाला की आवाज तोडणारं पेडल, घेऊन हे सुटत नाही. गेट बंद होतो तो तुम्ही थांबल्यावर. सूर चालू असताना तो उघडा असतो आणि त्यातून हमही जात राहतो. गिटारवाला लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून निदान खालचा ५० तरी उडवतो. बेसला ५० हर्ट्झ कापले तर ई तारेचा पायाच जातो. म्हणून बेसवाल्याने गेट सगळ्यात शेवटी घ्यावा, आधी आवाजाचा उगम शोधावा.

सुरुवात बोर्ड पूर्ण बाजूला ठेवून करा. खात्रीची एकच केबल घ्या आणि बेस थेट अ‍ॅम्पमध्ये लावा. आवाज आलाच तर बेसचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तो राहिला तर केबल, अ‍ॅम्प किंवा घरची वीज यांच्याकडे बघायचं. व्हॉल्यूमबरोबर गेला तर बेसच बघायचा. थेट जोडणी शांत असेल तर पेडल एकेक करून जोडा आणि प्रत्येक पेडल चालू-बंद दोन्ही करून ऐका. संशयित पेडल बॅटरीवर चालत असेल तर त्याला नवी ९ व्होल्टची बॅटरी लावून अडॅप्टरची पिन काढा. शांत झालं तर दोष पॉवरचा आहे, पेडलचा नाही. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

पॉवरमध्ये बहुतेक वेळा डेझी चेन नडते. एका अडॅप्टरवरून सात-आठ पेडल चालवली की प्रत्येक दोन पेडलांमध्ये ग्राउंडचे (सिग्नलच्या परतीच्या सामाईक जोडणीचे) दोन रस्ते तयार होतात, एक पेडल जोडणाऱ्या पॅच केबलच्या शील्डमधून आणि दुसरा पॉवरच्या निगेटिव्ह तारेतून. सगळी अ‍ॅनलॉग पेडल असतील तर हे बरेचदा खपून जातं. त्यात एखादा डिजिटल डिले किंवा मल्टिइफेक्ट आला की त्याच्या घड्याळाची, म्हणजे क्लॉकची, बारीक ‘चीं’ अशी शिट्टी सगळ्या साखळीत पसरते. पेडलचा मोड बदलल्यावर शिट्टीची पट्टी बदलली तर दोष तिथेच आहे हे नक्की समजा. त्या पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड (इतरांच्या ग्राउंडशी न जोडलेलं) आउटपुट द्या. व्होल्टेज तंतोतंत तेवढंच हवं. मिलिअँपिअर मात्र पेडलच्या गरजेइतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ३०० मिलिअँपिअरचं पेडल १०० च्या आउटपुटवर लावलं तर शिट्टी येते किंवा ते मधेच रीस्टार्ट होतं.

पॉवर सप्लायच्या खोक्यावर ‘आयसोलेटेड’ छापलेलं असतं म्हणून विश्वास ठेवू नका. सप्लाय भिंतीच्या सॉकेटमधून काढा, पेडलांपासूनही सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असेल तर बीप देणाऱ्या मोडवर) ठेवून दोन वेगवेगळ्या पॉवर केबलींच्या पिनांच्या मधल्या भोकांत प्रोब टेकवा. बहुतेक पेडलांत मधलं टोक निगेटिव्ह असतं. बीप वाजली तर दोन्हींचं ग्राउंड एकच आहे, म्हणजे ती आतून डेझी चेनच आहे. जर्मेनियमचं, पॉझिटिव्ह ग्राउंडवालं जुन्या धाटणीचं फझ (आवाज फाडणारं पेडल) तर अशा सामाईक सप्लायला कधीच लावू नका, सप्लाय शॉर्ट होतो.

आता घरची वीज. बेसच्या तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर अर्थ (अर्थिंग) जोडलेला आहे, फक्त बेसचं शील्डिंग (बाहेरचा आवाज अडवणारं धातूचं आवरण) अपुरं आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर बेसच्या जॅकवरच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत किंवा अर्थ कुठेतरी तुटला आहे. आणि बेसच्या तारांना हात किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थची तार जोडलेलीच नसते असं सर्रास आढळतं. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ ६० किंवा १२० असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर अर्थ नाही असं धरा. हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही मानू नका.

अ‍ॅम्प, पेडलबोर्ड आणि लॅपटॉप एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. वेगळ्या भिंतींवरून घेतलं की ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडचं बंद वेटोळं, होतो. अ‍ॅम्पच्या डीआय आउटमधून (मिक्सरला थेट जोडायच्या आउटपुटमधून) मिक्सरला सिग्नल दिल्यावरच घूं सुरू होत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, सुरक्षेचा अर्थ तसाच राहतो. बटण नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय लावा. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना चार्जर काढला की आवाज जात असेल तर चार्जर दोषी. टेक बॅटरीवर घ्या किंवा तीन पिनचा चार्जर वापरा.

‘बर्र’ असा तिखट, कडांचा आवाज आला तर छताकडे बघा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधला ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या चक्रात वीज मधेच तोडतो आणि सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारं एका वेटोळ्याचं चुंबक, ते ऐकतो. पंखा बंद करून बघा. आवाज गेला तर कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा, खर्च किरकोळ आहे. स्वस्त एलईडी ड्रायव्हर, डिमर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हेही याच जातीचे. बेस हातात घेऊन जागच्या जागी नव्वद अंश वळा. एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल तर तो हवेतून पिकअपमध्ये शिरतोय, केबलीतून नाही.

जॅझ बेसवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे असतील तरच हम कटतो, कारण दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या असतात. एक थोडा खाली केला की तो परत येतो. प्रिसिजन बेसला १९५७ पासून स्प्लिट कॉइल (दोन भागांत, उलट गुंडाळलेली) आहे, त्यामुळे ती शांत असते. जॅझचं शील्डिंग घरी करता येतं: कंडक्टिव्ह गोंदाची तांब्याची पट्टी कंट्रोलच्या पोकळीत आणि पिकअपच्या खाचांत लावायची, सांध्यांवर सोल्डरचा थेंब द्यायचा आणि एक तार ग्राउंडला जोडायची. शेवटी पट्टीच्या कुठल्याही टोकापासून जॅकच्या स्लीव्हपर्यंत (ग्राउंडच्या टोकापर्यंत) मीटरने एक ओहमच्या आत रीडिंग यायला हवं. ब्रिजपासूनही तपासा. ब्रिजखालची तार सैल होणं हा बेसमधला नेहमीचा आजार आहे. फक्त जॅकच्या टिपला (सिग्नलच्या टोकाला) पट्टी टेकू देऊ नका, नाहीतर बेस गप्पच होईल.

सळसळ म्हणजे हिस हा वेगळा विषय आहे, तिथे वायरिंग उचकण्यात अर्थ नाही. कंप्रेसरचा, म्हणजे आवाजातले चढउतार सपाट करणाऱ्या पेडलचा, मेकअप गेन (नंतर वाढवलेली पातळी) १२ डेसिबल वाढवला की मागची सळसळही १२ डेसिबलने, म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट होते. कंप्रेसर चालू आणि बंद, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. तो ड्राइव्हच्या (आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या) आधी लावा, नंतर लावला तर सूर विरताना ड्राइव्हचीच सळसळ वर ओढतो. अ‍ॅक्टिव्ह बेसचा ट्रेबल मधल्या खाचेवर आणा. कॅबिनेटला हॉर्न (उंच सुरांचा स्पीकर) असेल तर त्याचा अटेन्युएटर (आवाज कमी करणारी खुंटी) खाली करून बघा.

खरखर आणि ‘टक्’ हे जवळजवळ नेहमी जॅकचे. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात धातूवर थर जमतो. प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. साधं गंज सोडवायचं तेल नको. पॅच केबल वाजत असताना प्लगच्या मुळाशी हळूच वाकवा, खरखरली तर ती बाद. ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारं) पेडल दाबताना प्रत्येक वेळी ‘टक्’ येत असेल तर इनपुट आणि आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत एक-एक मेगओहमचा रेझिस्टर लावा. पॉवर दिल्यानंतर पहिल्यांदा दाबताना येत असेल तर मात्र काही करू नका, तो कपॅसिटर भरण्याचा आवाज असतो. अ‍ॅम्प म्यूट ठेवून दोनदा दाबलं की जातो.