आय, हेन आणि बोक

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला येण्याआधी सांगलीत क्लास लावून मी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. ऐकण्यात साडेसात! वॉर्डातल्या पहिल्याच सकाळी एका आजोबांनी मला तीनदा काहीतरी सांगितलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावून "येस" म्हणाले. चहात दूध नको, एवढंच सांगत होते बिचारे. दूध घातलेला चहा त्यांनी निमूट प्यायला.

तशी मला याची सवय आहे. नर्सिंगला मिरजेहून पुण्यात गेले, तेव्हा "मी आलो", "मी जेवलो" म्हटलं की हॉस्टेलच्या मुली खिदळायच्या. आमच्याकडे बायका असंच बोलतात. मग पुण्यात "आले, गेले" आणि घरच्या फोनवर "आलो, गेलो". इथे तिसरी भाषा सुरू झाली, इतकंच.

सगळे मला "हेन" म्हणायचे. कोंबडी! आठवडाभर मी गप्प राहिले. मग कळलं, बायकांना इथे प्रेमानं असंच म्हणतात. आपली "चिमणी" जरा मोठी झाली म्हणायची. गावांच्या नावांचीही तीच तऱ्हा. मिल्नगेव्हीचं तिकीट मागितलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मलगाय?" शीवचं सायन झालेलं आपल्याला चालतं, मग हेही चालवून घ्यायचं.

काही गोष्टी मात्र आयत्याच मिळाल्या. इथे "र" गिळत नाहीत, त्यामुळे माझं "वॉर्ड" आणि "कार्ड" जसंच्या तसं चालतं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी फिल्म नाही, चक्क "फिलम". माझी आज्जीही फिलमच बघायची.

फजिती झाली ती "डाउट"पायी. खाटेवरच्या एक आजी हळूच म्हणाल्या, "आय डाउट आयम गॉनी बोक, हेन." बोक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण डाउट म्हणतायत म्हणजे तसं काही होणार नाही, असा मी हिशोब केला. हातातला करड्या पुठ्ठ्याचा वाडगा परत ढिगावर ठेवला. मिनिटभरात माझे दोन्ही बूट भरले. बोक म्हणजे ओकारी. आपल्या "ओक"च्या पुढे नुसता एक ब! आणि इथलं "आय डाउट" म्हणजे "होणार असं वाटतंय". आपणही "मला डाउट होताच" म्हणतो ना, अगदी तसंच. मिरजेच्या डोक्यानं ऐकलं असतं तर बूट वाचले असते. मी ऐकलं क्लासच्या डोक्यानं.

आजी ओशाळून सॉरी म्हणत होत्या, मीही सॉरी म्हणत होते. त्या दिवसापासून कुणी डाउट म्हटलं की वाडगा आधी पुढे.

आता माझ्याही तोंडात "आय" बसलंय. इथे "हो"ला "आय" म्हणतात आणि दिवसभर वॉर्डात त्याचाच गजर चालू असतो. परवा रात्रपाळी उतरून घरी फोन लावला. आईनं विचारलं, "जेवलीस का?"

"आय."

"आय काय आय? हितंच हाय की मी. जेवलीस का ते सांग."